डीडी-२१४ वर चूक आहे? अमेरिकन रिझर्व्हमधून बाहेर पडलेल्यांसाठी दुरुस्तीची वाट

"दादा, माझ्या टू-फोर्टीनवर अफगाणिस्तानच नाहीये."

शनिवारची सकाळ, न्यू जर्सीतलं आमचं स्वयंपाकघर. पोह्यांची ताटली बाजूला सारून त्याने कागद टेबलावर पसरला. डीडी-२१४, म्हणजे अमेरिकी फौजेतली सक्रिय सेवा संपवून सुटताना मिळणारा सेवेचा दाखला. मूळचा साताऱ्याकडचा, आर्मी रिझर्व्हमधून (अर्धवेळ सैनिकांच्या राखीव दलातून) बाहेर पडूनही आता बरीच वर्षं झालेली. अफगाणिस्तानात बगरामला नऊ महिने धूळ खाल्ली आणि परदेशातल्या सेवेच्या रकान्यात ओळीने शून्यं. इतकी वर्षं कागद फाइलमध्ये पडून होता, कुणी पाहिलाच नव्हता. पॅक्ट कायदा २०२२ साली आला, तेव्हा छातीच्या त्रासासाठी व्हीएकडे (माजी सैनिकांच्या खात्याकडे) दावा लावावा असं त्याच्या मनात आलं. त्या कायद्याने अफगाणिस्तानात राहिलेल्याला जळत्या कचऱ्याच्या खड्ड्यांचा धूर लागला असं गृहीत धरलं जातं. पण तुम्ही तिथे होतात हे आधी कागदावर दिसायला लागतं.

मी स्वतः रिझर्व्हमध्ये आठ वर्षं काढली, त्यातली बरीचशी ऑर्डर्ली रूममध्ये, म्हणजे युनिटच्या कचेरीत, कागदांच्या ढिगात. माझ्याही कागदात चूक होती आणि ती दुरुस्त करताना मी मोठा घोळ घातला. चुकीच्या दारावर जाऊन सात महिने थांबलो आणि उत्तर आलं, "आधी त्या दुसऱ्या कार्यालयाकडे जा." रिझर्व्हवाल्यांचं बहुतेक इथेच चुकतं. चूक एका कागदावर असते, अर्ज दुसऱ्याचाच होतो, आणि तोही तिसऱ्याकडे. म्हणून फॉर्म भरण्याआधी बराच वेळ निदानाला द्या. या लेखातही निदानावरच जास्त लिहिलंय.

आधी हे कळू द्या की तुमचा 'डिस्चार्ज' (फौजेतून सुटका) हा एक कागद नाही

पूर्णवेळ सैनिकाचं सोपं असतं. भरती, नोकरी, निरोप आणि शेवटी एक डीडी-२१४. रिझर्व्हवाल्याचं आयुष्य तुकड्यातुकड्यांचं. महिन्याला एक शनिवार-रविवार ड्रिल, वर्षाला दोन आठवडे वार्षिक प्रशिक्षण, मधेच कधीतरी मोबिलायझेशन, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर बोलावणं. डीडी-२१४ फक्त सक्रिय सेवेच्या तुकड्याचा निघतो. साधारणपणे सलग ९० दिवस किंवा जास्त सक्रिय सेवा झाली की एक, आणि सुरुवातीचं प्रशिक्षण पूर्ण करून ट्रेड (फौजेतलं ठरावीक काम) मिळाला की त्याचा एक. ड्रिलचा निघत नाही, दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाचाही नाही.

म्हणजे आठ वर्षांच्या रिझर्व्ह सेवेत तुमच्याकडे दोन किंवा तीन डीडी-२१४ असू शकतात आणि त्यातला एकही तुमचा 'शेवटचा' डिस्चार्ज नसतो. शेवटचा डिस्चार्ज येतो तो साध्या ऑर्डरच्या रूपात, एक पानी, बऱ्याचदा टपालाने, बऱ्याचदा जुन्या पत्त्यावर. सोबत जाडसर कागदावरचं ऑनरेबल डिस्चार्जचं प्रमाणपत्र. नॅशनल गार्डवाल्यांचा (राज्यांच्या राखीव दलांचा) प्रकार आणखी वेगळा. गार्डमधून बाहेर पडताना एनजीबी-२२ हा सुटकेचा कागद मिळतो, आणि मधे संघराज्याच्या हुकमावर सक्रिय सेवा झाली असेल तर तिचा डीडी-२१४ वेगळा.

चौथा कागद सगळे विसरतात, तो म्हणजे निवृत्तीच्या पॉइंटचं स्टेटमेंट. आर्मी रिझर्व्हमध्ये त्याला डीए-५०१६ म्हणतात, गार्डमध्ये एनजीबी-२३. पेन्शनच्या दृष्टीने याचं वजन डीडी-२१४ पेक्षा जास्त.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. ड्रिल बंद झाली आणि आयआरआरमध्ये (ड्रिल न करणाऱ्या राखीव सैनिकांच्या यादीत) नाव गेलं म्हणजे डिस्चार्ज झाला, असं नाही. भरतीच्या वेळी एकूण आठ वर्षांची बांधिलकी असते आणि डीडी-२१४ च्या सहाव्या रकान्यात ती कधी संपते ती तारीख लिहिलेली असते. ऑफिसर असाल तर आठ वर्षांनीही आपोआप सुटका होत नाही, कमिशनचा राजीनामा द्यावा लागतो. "माझा डिस्चार्ज कागद हरवलाय" म्हणत आलेल्या एका गृहस्थांचा डिस्चार्ज मुळात झालाच नव्हता. ते अजून फौजेच्या यादीत होते. बायकोला हे सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पूर्ण फाइल मागवा

हातातल्या झेरॉक्सवरून अर्ज करू नका. पूर्ण सेवा-फाइल मागवा. सेवा अलीकडची असेल तर संरक्षण खात्याच्या मिलकनेक्ट पोर्टलवरून फाइल मागवता येते. जुनी असेल तर सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे जायचं, ऑनलाइन किंवा एसएफ-१८० फॉर्म टपालाने पाठवून. माजी सैनिकाला, आणि तो हयात नसेल तर विधवा किंवा विधुर (पुनर्विवाह झालेला नसावा), आईवडील, मुलं, भावंडं यांना नेहमीच्या नोंदींसाठी पैसे पडत नाहीत. 'आम्ही मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या वेबसाइटींना एक छदाम देऊ नका. भारतात राहणाऱ्या नातेवाइकांनाही एसएफ-१८० टपालाने पाठवता येतो. मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि तो फक्त मराठीत असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर.

नोकरी सुटून ६२ वर्षं झाली की फाइल अभिलेखागारात जाते आणि कुणालाही मागता येते, फक्त तेव्हा प्रतीचे पैसे लागतात. आणि १२ जुलै १९७३ ला याच केंद्रात आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. आर्मीतून १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. घरात एखाद्या अमेरिकन सासऱ्यांचा त्या काळातला कागद शोधत असाल, तर 'फाइल नाही' असं उत्तर आल्यावर खचू नका. पगाराच्या आणि इस्पितळाच्या इतर नोंदींवरून केंद्र काही भाग पुन्हा उभा करून देतं.

डीडी-२१४ मागताना एक शब्द मुद्दाम लिहा, मेंबर-४ प्रत. मेंबर-१ ही छोटी प्रत असते आणि तिच्यात २३ ते ३० हे रकाने नसतात. डिस्चार्ज कसला, कोणत्या कारणाने, पुन्हा भरतीचा कोड काय, ते सगळं याच रकान्यांत असतं.

पेन्सिल घेऊन वाचा

आता प्रिंट काढा आणि एकेक रकाना वाचा. मूळ कागदावर मात्र काही लिहू नका. छायांकित भागात काही बदल केला तर फॉर्म रद्द, अशी ताकीद त्याच्याच माथ्यावर छापलेली असते. आपल्याकडच्या माणसाला घरीच पेनाने स्पेलिंग सुधारायची सवय असते म्हणून सांगतो.

पहिला रकाना नाव. यात आपली मराठी माणसं हमखास अडकतात. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन्ही 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र, इथे वडील 'मिडल नेम' झाले, कुठे वडील गायबच. फौजेने तुमच्या भरतीच्या कागदातलं स्पेलिंग चुकवलं असेल तर ती चूक, आणि ती दुरुस्त होते. पण पुढे नागरिकत्वाची शपथ घेताना तुम्ही नाव बदललंत, किंवा लग्नानंतर बदललं, तर जुना डीडी-२१४ चुकीचा ठरत नाही. तो लिहिला तेव्हा तेच नाव होतं. अशा वेळी बोर्डाकडे (लष्करी नोंदी दुरुस्त करणारं मंडळ, खाली येईल) भांडण्यापेक्षा कोर्टाच्या नावबदलाच्या हुकमाची प्रत डीडी-२१४ ला जोडून ठेवा. व्हीए आणि बँका तेवढ्यावर भागवतात.

पाचवा रकाना जन्मतारीख. इथे दोन मराठी आजार आहेत. पहिला, १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहिलं, पासपोर्टवर तेच उतरलं, फौजेनेही तेच घेतलं. आईला आठवते ती तारीख श्रावणातली. फौजेची इथे चूक नाही, दुरुस्ती मिळणार नाही. दुसरा आजार खरा. आपण ५/६ म्हणजे ५ जून लिहितो, अमेरिकन माणूस ६ मे वाचतो. फौज तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आठ आकड्यांत लिहिते, म्हणजे १९८४०६०५ की १९८४०५०६ हे नीट पाहा. मी हा उलटा आकडा तीन जणांच्या कागदावर पाहिलाय.

बारावा रकाना म्हणजे हिशेब. सक्रिय सेवा सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, या तुकड्यातली निव्वळ सेवा, आधीची सक्रिय सेवा, आधीची असक्रिय सेवा, परदेशातली सेवा. गणित स्वतः करा. साताऱ्याच्या मुलाची सुरुवात २०१२०३०२, शेवट २०१३०२१९. शेवटच्या तारखेतून पहिली वजा करायची, महिना तीस दिवसांचा धरायचा आणि शेवटी एक दिवस मिळवायचा, कारण दोन्ही टोकाचे दिवस मोजतात. उत्तर ११ महिने १८ दिवस, कागदावर ०००० ११ १८. ते बरोबर होतं. चूक फक्त परदेशाच्या ओळीत. तिथे ०००० ०० ०० होतं, असायला हवं होतं ०००० ०९ ०५, कारण बगराम ११ एप्रिल २०१२ ते १५ जानेवारी २०१३.

परदेशाची ओळ रिकामी असेल तर तेराव्या आणि अठराव्या रकान्याकडेही बघा. चुका जोडीने येतात. तेराव्यात अफगाणिस्तान कॅम्पेन मेडल नव्हतं, अठराव्यात देश आणि तारखांची ओळ नव्हती. आणखी एक गोष्ट रिझर्व्हवाल्यांची खास राहून जाते. मोबिलायझेशन झालं असेल तर आर्म्ड फोर्सेस रिझर्व्ह मेडलवर 'एम' चिन्ह मिळतं, ते लिहिलेलंच नसतं.

२४ वा रकाना सेवेचा दर्जा, २६ वा सुटकेचा तीन अक्षरी कोड, २७ वा पुनर्भरतीचा कोड, २८ वा कारण. यातलं काही खटकत असेल तर तो वेगळाच रस्ता, खाली येईल.

पॉइंटच्या स्टेटमेंटचा हिशेबही असाच करा. वर्षभर सगळ्या ड्रिल केल्यात तर दर शनिवार-रविवारचे चार, म्हणजे बारा महिन्यांचे ४८. वार्षिक प्रशिक्षणाचे १५ दिवस, सदस्यत्वाचे १५. एकूण ७८. पेन्शनसाठी 'गुड इयर' मोजायला ५० लागतात आणि अशी २० वर्षं. एखाद्या वर्षी ४७ दिसत असतील तर कमी पडलेले तीन पॉइंट कुठे गेले हे शोधणं म्हणजे अख्खं वर्ष वाचवणं. दुसऱ्या युनिटबरोबर ड्रिल केली असेल तर तेराशेऐंशी, म्हणजे डीए-१३८० फॉर्म, भरला होता का ते आठवा. बहुतेक हरवलेले पॉइंट याच फॉर्ममध्ये हरवतात. लक्षात घ्या, वर्ष जानेवारीपासून मोजत नाहीत, तुमच्या भरतीच्या तारखेपासून मोजतात.

दार कुठलं?

आता चूक कळली. ती दोनपैकी एका जातीची असते. एक, लिहिताना झालेली चूक. फाइलमध्ये पुरावा आहे, फक्त फॉर्मवर उतरला नाही. दोन, निर्णयाची चूक. कुणीतरी तुमच्याबद्दल ठरवलं आणि ते तुम्हाला अन्यायाचं वाटतं.

पहिल्या जातीसाठी बोर्डाकडे जायचंच नाही. मी गेलो होतो आणि सात महिने घालवले. लिहिण्याची चूक त्या त्या दलाचं मनुष्यबळ कार्यालय दुरुस्त करतं. आर्मी आणि आर्मी रिझर्व्हसाठी केंटकीतल्या फोर्ट नॉक्सचं ह्यूमन रिसोर्सेस कमांड. नौदलासाठी टेनेसीतल्या मिलिंग्टनचं नेव्ही पर्सोनेल कमांड. मरीनसाठी व्हर्जिनियातलं क्वांटिको. हवाई दलासाठी सॅन अँटोनिओच्या रँडॉल्फ तळावरचं पर्सोनेल सेंटर, आणि त्यांच्या रिझर्व्हच्या नोंदी कोलोरॅडोतल्या बकली तळावरच्या एअर रिझर्व्ह पर्सोनेल सेंटरकडे. गार्डचा एनजीबी-२२ मात्र तुमच्या राज्याच्या अ‍ॅडज्युटंट जनरलच्या कार्यालयातून दुरुस्त होतो. राज्य म्हणजे तुम्ही आता राहता ते नव्हे, ज्या राज्याच्या गार्डमध्ये होतात ते. टेक्सासच्या गार्डची चूक न्यू जर्सी सुधारू शकत नाही.

इथून मिळतो डीडी-२१५. तो डीडी-२१४ ची जागा घेत नाही, सोबत राहतो आणि 'अमुक रकाना असा नव्हे, असा वाचावा' एवढंच सांगतो. गार्डच्या बाबतीत त्याला एनजीबी-२२ए म्हणतात. अशा प्रशासकीय दुरुस्तीला खाली येणारी तीन वर्षांची मुदतही आड येत नाही.

पॉइंटची चूक? तुम्ही अजून युनिटमध्ये असाल तर युनिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे, बाहेर पडला असाल तर पुन्हा तेच मनुष्यबळ कार्यालय.

पुरावा: त्या काळातला कागद शोधा

तुमची आठवण कितीही स्पष्ट असली तरी कार्यालयाला ती पुरत नाही. त्यांना हवा असतो तेव्हाच, तिथेच तयार झालेला कागद. साताऱ्याच्या मुलासाठी आम्ही काय शोधलं ते क्रमाने सांगतो, कारण बहुतेकांना हेच लागतं.

मोबिलायझेशनच्या ऑर्डर्स, आणि सोबत त्यांच्या दुरुस्त्या. मूळ ऑर्डरमध्ये अनेकदा फक्त 'ऑपरेशन एन्ड्युअरिंग फ्रीडमसाठी' असं असतं, देश नसतो. तेवढ्यावर भागत नाही.

मग पगाराची स्लिप, एलईएस. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलका कागद. त्यावर महिन्याला २२५ डॉलरचा 'हॉस्टाइल फायर पे' दिसतो, युद्धक्षेत्राची करमाफी दिसते. कोणत्या महिन्यात सुरू झाली, कोणत्या महिन्यात संपली, तेही दिसतं. त्याच्याकडे एका जुन्या लॅपटॉपमध्ये दहा महिन्यांच्या स्लिपा पीडीएफ करून ठेवलेल्या निघाल्या. बायकोने घर घेताना बँकेसाठी जमवल्या होत्या. तिचे आभार मानायला हवेत. अजून सेवेत असाल तर आजच मायपेमध्ये (फौजेच्या पगाराच्या पोर्टलवर) जाऊन सगळ्या स्लिपा उतरवून ठेवा. बाहेर पडल्यावर ते दार फार काळ उघडं राहत नाही.

त्यानंतर प्रवास भत्त्याचं बिल, मूल्यमापन अहवाल, मेडलचं प्रमाणपत्र, तिथल्या दवाखान्याची चिठ्ठी, सुट्टीवर घरी आल्याचा फॉर्म. यातला एखादा जरी देश आणि तारीख दोन्ही सांगणारा असेल तर काम होतं.

सोबत्यांची लेखी साक्षही चालते, पण कागदाला आधार म्हणून. "हा माझा चांगला मित्र आहे, प्रामाणिक आहे" अशी साक्ष निरुपयोगी. "मी त्याच प्लॅटूनमध्ये होतो, जुलै २०१२ मध्ये आम्ही एकाच तंबूत होतो, माझ्या डीडी-२१४ वर हीच सेवा नोंदलेली आहे", आणि सोबत त्या सोबत्याच्या डीडी-२१४ ची प्रत, सोशल सिक्युरिटीचा आकडा (अमेरिकेतला ओळख क्रमांक) झाकून. ही खरी साक्ष. शेवटी खोटं असल्यास शिक्षेस पात्र असल्याचं वाक्य, तारीख, सही.

मूळ कागद कधीही पाठवू नका. प्रती पाठवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डीडी-२१४ चा फोटो 'जरा बघता का' म्हणून पाठवण्याआधी त्यावरचा सोशल सिक्युरिटी क्रमांक झाका. मला आठवड्याला एक तरी उघडा येतो.

पत्र

पत्र इंग्रजीतच जाणार, पण ते कसं असावं हे मराठीत सांगता येतं. आपल्याला विनंती अर्जाची सवय असते. सविनय, कृपया, माझ्या कुटुंबाची परिस्थिती. ते सगळं वगळा. वाचणारा क्लार्क तुमच्याबद्दल कळवळा वाटून घ्यायला बसलेला नाही. त्याला रकाना, चुकीचा मजकूर, बरोबर मजकूर आणि पुराव्याचं पान एवढंच हवं असतं.

आम्ही लिहिलं ते साधारण असं: "माझ्या १९ फेब्रुवारी २०१३ च्या डीडी-२१४ मधील रकाना १२-एफ मध्ये ०००० ०० ०० आहे, ते ०००० ०९ ०५ असे करावे. मी ११ एप्रिल २०१२ ते १५ जानेवारी २०१३ या काळात अफगाणिस्तानात होतो. पुरावा: जोड १, मोबिलायझेशन ऑर्डर, जोड २, एप्रिल २०१२ ते जानेवारी २०१३ च्या पगार स्लिपा, जोड ३, प्रवास बिल. रकाना १८ मध्ये या सेवेची ओळ घालावी. रकाना १३ मध्ये अफगाणिस्तान कॅम्पेन मेडल आणि आर्म्ड फोर्सेस रिझर्व्ह मेडलवरील 'एम' चिन्ह घालावे."

तारीख का द्यायची, तर रिझर्व्हवाल्याकडे दोन-तीन डीडी-२१४ असतात. कोणता, हे न सांगितल्यामुळे अर्ज परत आल्याचं मी पाहिलंय. एका पत्रात एकाच फॉर्मच्या चुका ठेवा. प्रत्येक जोडावर कोपऱ्यात क्रमांक घाला, आणि महत्त्वाची ओळ एका कंसाने दाखवा. मार्करने रंगवली तर स्कॅनमध्ये काळा पट्टा होतो.

पाठवल्याची पावती ठेवा. खूप महिने काहीच हाललं नाही तर तुमच्या मतदारसंघातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याच्या स्थानिक कार्यालयात जा. तिथे यासाठीच माणूस असतो. तो तुमच्याकडून संमतीपत्र घेतो आणि चौकशीचं पत्र धाडतो. त्याला वशिला समजून लाजू नका. निकाल ते बदलू शकत नाहीत, पण फाइल कुठे अडकलीय हे कळतं.

कार्यालय 'नाही' म्हणालं, किंवा चूक निर्णयाचीच असेल

आता बोर्ड. आर्मीचं वेगळं, नौदल आणि मरीनचं मिळून एक, हवाई दलाचं वेगळं, तटरक्षक दलाचं वेगळं. फॉर्म डीडी-१४९. फी नाही. चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तरी न्यायाच्या हितासाठी बोर्ड ती मुदत माफ करू शकतं, फक्त उशीर का झाला ते एक परिच्छेद खर्चून सांगा. 'माहीत नव्हतं' एवढंच लिहिण्यापेक्षा 'व्हीएच्या अमुक तारखेच्या पत्रातून प्रथम कळलं' असं लिहून ते पत्र जोडा.

बोर्ड हा नोकरशाहीबाहेरच्या न्यायाधीशांचा दरबार नाही. त्या खात्यातले किमान तीन नागरी अधिकारी बसून कागदांवरून निर्णय देतात. तुम्हाला समोर बोलावणं क्वचितच होतं. सरकारी नोंद बरोबरच आहे हे ते गृहीत धरून चालतात, ती खोटी ठरवायची जबाबदारी तुमची. मधे एखाद्या कार्यालयाचं सल्लागार मत मागवलं जातं आणि त्याची प्रत तुम्हाला येते. त्याला ३० दिवसांच्या आत उत्तर द्या. हे पाकीट न उघडता ठेवणारे लोक मी पाहिलेत, कारण त्यांना वाटलं निकाल लागलाय. त्या मताला उत्तर नसेल तर बोर्ड बहुतेक त्याच्याच मागे जातं.

कायद्याने बहुतेक अर्ज दहा महिन्यांत आणि सगळे अठरा महिन्यांत निकाली निघायला हवेत. नकार आला आणि नंतर नवा पुरावा हाती लागला तर पुनर्विचार मागता येतो.

अर्ज लिहिण्याआधी एक संध्याकाळ वाचनाला द्या. बोर्डांचे जुने निर्णय नावं काढून ऑनलाइन वाचनालयात ठेवलेले आहेत. तुमच्यासारखीच पाच प्रकरणं शोधा, तीन फेटाळलेली आणि दोन मंजूर. कशामुळे फरक पडला हे दिसतं, आणि वकिलाला द्यायचे पैसे कदाचित वाचतात. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही यांसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात.

डिस्चार्जचा दर्जा किंवा कारण बदलून हवं असेल आणि सुटून १५ वर्षं झाली नसतील, तर आधी डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड, फॉर्म डीडी-२९३. जनरल कोर्ट-मार्शलने झालेला डिस्चार्ज तिथे चालत नाही. पीटीएसडी (धक्क्यानंतरच्या ताणाचा मानसिक आजार), डोक्याची दुखापत किंवा लैंगिक अत्याचार यांचा संबंध असेल तर २०१४ आणि २०१७ च्या संरक्षण खात्याच्या सूचनांनुसार बोर्डाने सहानुभूतीने पाहायचं असतं. डॉक्टरांच्या नोंदी जोडा आणि त्या सूचनांचा उल्लेख पत्रात करा.

नागरिकत्व आणि मावनीवाले

हे आपल्या लोकांना जवळून लागतं. २००८ मध्ये जाहीर झालेल्या मावनी योजनेतून ग्रीन कार्ड नसलेले दहा हजारांहून अधिक जण अमेरिकी फौजेत घेतले गेले. हव्या असलेल्या भाषांत हिंदी होती. २०१६ मध्ये भरती थांबली आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत अडकलेल्या कित्येकांना रिझर्व्हमधूनच, प्रशिक्षणाआधीच, काढून टाकलं गेलं. त्यावर २०१८ मध्ये कॅलिक्स्टो नावाचा सामूहिक खटला दाखल झाला आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. तुम्ही त्यातले असाल तर डीडी-१४९ भरण्याआधी त्या तडजोडीच्या अटी वाचा, कदाचित तुमच्यासाठी रस्ता आधीच ठरलेला असेल.

सेवेच्या आधारावर नागरिकत्व मागताना सेवेत असलेल्याला एन-४२६ फॉर्मवर फौजेची सही लागते, बाहेर पडलेल्याला डीडी-२१४ किंवा एनजीबी-२२ सारखा कागद. तिथे दर्जाचा रकाना सगळ्यात आधी बघतात. सेवेच्या अगदी सुरुवातीच्या काळात सुटलेल्यांच्या कागदावर बऱ्याचदा 'अनकॅरेक्टराइज्ड' असं असतं, म्हणजे ना चांगला ना वाईट. त्याला 'ऑनरेबल' समजून अर्ज करू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. या एका बाबतीत मी वकिलाचे पैसे वाचवायला सांगणार नाही.

डीडी-२१५ हातात आल्यावर

साताऱ्याच्या मुलाचा आला तेव्हा त्याने फोटो पाठवला, या वेळी क्रमांक झाकून. बारा-एफ बरोबर. अठरा बरोबर. मेडल आलं. 'एम' आला नाही. आम्ही पुन्हा एक ओळीचं पत्र लिहिलं, जुन्या पत्राची प्रत जोडली. म्हणून आलेला कागद आनंदाच्या भरात ठेवून देऊ नका, तुमच्या मागणीच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून बघा.

मग तो स्वतःहून सगळीकडे पोहोचेल अशी आशा धरू नका. व्हीएला त्याची प्रत तुम्ही पाठवायची. जीआय बिलचा (माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या मदतीचा) टक्का सक्रिय सेवेच्या दिवसांवर ठरतो. ९० दिवसांना ५०, ३६ महिन्यांना १००. सक्रिय सेवेचे दिवस वाढले असतील तर फेरगणना मागायची. घरकर्जाच्या पात्रतेचा दाखला आधी नाकारला असेल तर पुन्हा अर्ज करायचा. डीडी-२१४ आणि २१५ कायम एकत्र, एकाच पीडीएफमध्ये ठेवा, नाहीतर कुणीतरी फक्त पहिलं पान बघतं. बऱ्याच काउंटी क्लार्कच्या कार्यालयात डिस्चार्जचे कागद नोंदवून प्रमाणित प्रती मिळतात. नोंदवण्याआधी एवढंच विचारा की ती नोंद सार्वजनिक होते का, कारण त्यावर तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो.

'एम'चं उत्तर अजून यायचंय.